देव निघाल्याचा कागद आणि देव पोचल्याचा कागद

फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: देवस्थानची स्मरणिका निघणार आहे आणि 'आमच्या देवाचा इतिहास' हा लेख लिहायचं काम त्यांच्याकडे आलं आहे. महाजन, म्हणजे देवळावर हक्क असलेली घराणी, सांगतात की देव 1560 साली दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतून आणला. एका जुन्या पुस्तकात 1567 दिलं आहे. पुजारी म्हणतात, चांदीच्या प्रभावळीमागे शके 1655 कोरलंय, पण ते कुणी नीट वाचलेलं नाही. एक जण म्हणतो पोर्तुगिजांचे कागद बघा. दुसरा म्हणतो, ज्यांनी देवळं पाडली त्यांच्या कागदांवर विश्वास कसला ठेवायचा? मग खरा इतिहास लिहायचा कसा, आणि सुरुवात कुठून करायची?

बाई, सुरुवात त्या 1560पासूनच करा. तो आकडा खरा की खोटा हे सध्या बाजूला ठेवा. तो पहिल्यांदा कुणी लिहिला एवढंच शोधा. मागची स्मरणिका काढा, तिच्यात तो कुठून घेतलाय ते बघा, मग त्याच्या मागची. असं मागे मागे जात राहिलात की बहुतेक वेळा एका जागी येऊन थांबता: कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी एका पुस्तिकेत लिहून ठेवलं आणि पुढच्या सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मी गेली तीस वर्षं गोव्यातल्या देवस्थानांचे आणि गावकारीचे, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांच्या संस्थेचे, कागद वाचतोय, आणि हे इतक्यांदा पाहिलंय की आता पाच पुस्तकांत एकच साल दिसलं की मला आनंद होत नाही, शंका येते. एकमेकांवरून उतरवलेली पाच पुस्तकं म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकच, आणि तोही प्रसंगाला हजर नसलेला.

1560 बद्दल आणखी एक सांगतो. हे साल गोव्यात आधीच जड झालेलं आहे. इन्क्विझिशनची, म्हणजे धर्माविरुद्धच्या गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, सुरुवात त्याच साली झाली. कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळला गेला तोही 1560च्या सुमारास, असं सगळीकडे सांगतात. अशी मोठी सालं लोहचुंबकासारखी असतात. शेजारच्या देवळांच्या गोष्टीही तिथेच जाऊन चिकटतात. सासष्टीतली देवळं मोठ्या प्रमाणावर पाडली गेली ती 1567मध्ये. म्हणजे तुमच्या पुस्तकातलं साल एका ढोबळ घटनेचं असू शकतं आणि महाजनांचं साल शेजारच्या देवाचं. तुमच्या देवाचं नेमकं साल या दोन्हींपैकी एकही नसेल, अशी तयारी मनाची ठेवा.

आता शत्रूच्या कागदांचं. हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा राग मला समजतो. तो राग योग्यच आहे. पण कागद वाचताना 'लिहिणारा आपला की परका' हा प्रश्न आपल्याला फार थोडं शिकवतो. 'हा कागद कशासाठी तयार झाला' हा प्रश्न विचारला की सगळं उघडतं.

तिसवाडी पोर्तुगिजांकडे 1510मध्ये गेली, बारदेस आणि सासष्टी 1543मध्ये कायमची गेली. 1526मध्ये अफोंसो मेशियाने गावकारीचे रीतिरिवाज लिहून काढले, त्या लिखाणाला फोराल म्हणतात. ते गावकारांच्या प्रेमापोटी लिहिलं नव्हतं. सारा कुणी भरायचा, जमीन कुणाच्या ताब्यात, बांध कुणी राखायचा हे राजाच्या खजिन्याला कळायला हवं होतं. पुढे देवळं पाडल्यावर प्रश्न आला की देवाच्या नावावर असलेल्या जमिनींचं, म्हणजे नमशीच्या शेतांचं, काय करायचं. 1541मध्ये तिसवाडीतल्या अशा जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवलं गेलं. सासष्टीतही देवळांच्या मागोमाग जमिनींच्या याद्या आल्या.

ही यादी करणारा कारकून डोळ्यांसमोर आणा. त्याला देवाबद्दल काही वाटत नाही. त्याला एकच भीती आहे, एखादं शेत सुटलं तर आपल्याला जाब विचारतील. म्हणून तो गाव लिहितो, देव लिहितो, शेताचं नाव लिहितो, शेताच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहितो, उत्पन्न किती ते लिहितो. त्या गावात रवळनाथ नव्हता आणि त्याने मुद्दाम रवळनाथ लिहिला, असं होण्याचं कारणच नाही. देवळं पुसायला निघालेल्या सत्तेनेच आपल्या हिशेबासाठी त्या देवळांची सगळ्यांत तपशीलवार यादी करून ठेवली. त्या याद्या नसत्या तर सासष्टीतल्या कित्येक गावांच्या देवांची नावंसुद्धा आज आपल्याला कळली नसती. मी पहिल्यांदा अशी नोंद स्वतः वाचली तेव्हा त्या पानावरचा हात उचलायला मला बराच वेळ लागला होता.

पण त्याच कारकुनाला देव पुढे कुठे गेला हे विचारू नका. ते त्याच्या कामाचं नव्हतं. आणि मिशनऱ्यांनी युरोपात पाठवलेली पत्रं वाचताना वेगळी नजर लागते. ती पत्रं तिकडे मोठ्याने वाचली जायची, ती ऐकून नवे तरुण यावेत, देणग्या याव्यात असा हेतू असायचा. त्यांतले आकडे, 'सगळं गाव आनंदाने आलं' अशी वाक्यं हेतू ध्यानात ठेवून वाचायची. तोच काळ, तीच माणसं, तरी जमिनीच्या यादीवर मी जेवढा विसंबतो तेवढा या पत्रांवर विसंबत नाही.

वाचताना नावांनी घाबरू नका. पोर्तुगीज लेखणीला 'श' लिहायचा तर ती एक्स लिहिते, गावांच्या नावांना शेवटी अनुनासिक लावते. केळशीचं केलोसीं होतं, कुठ्ठाळीचं कोर्तालीं. देवांचंही तसंच. म्हादेव, सांतेरी, भगवती, रवळू यांची रूपं एकाच वहीत तीन-तीन तऱ्हांनी येतात. डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने मोठ्याने वाचा. कानाला कोंकणी येत असेल तर कान पटकन ओळखतो. ही देणगी लिस्बनच्या संशोधकाकडे नाही, तुमच्याकडे आहे.

हे कागद पणजीच्या पुराभिलेखात आहेत. या दप्तराची सुरुवात 1595ची, आणि दियोगु दु कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. एकोणिसाव्या शतकात कुन्य रिव्हार यांनी जुने कागद छापायला घेतले. आपल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी हे दप्तर अनेक वर्षं सांभाळलं आणि त्यातलं मराठ्यांच्या इतिहासाला उपयोगी पडणारं कितीतरी बाहेर आणलं. आज आपण तिथे जाऊन खंडाचा नंबर सांगतो आणि खंड समोर येतो, ती पिसुर्लेकरांनी केलेल्या मांडणीची पुण्याई आहे. तिथल्या 'मोंसांव'च्या वह्या, म्हणजे पावसाळ्याच्या वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार, प्रसिद्ध आहेत. त्यांतले 62 खंड 1777मध्ये लिस्बनला नेले, ते तिकडेच आहेत. इन्क्विझिशन 1812मध्ये बंद झालं तेव्हा इथले खटल्यांचे कागद जाळले गेले. जे उरलं ते लिस्बनमध्ये आणि काही पत्रव्यवहार ब्राझीलमध्ये रिओला. तेव्हा पुराभिलेखात एखादी गोष्ट सापडली नाही म्हणून ती घडलीच नाही असं लिहू नका.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. इथेच जवळजवळ प्रत्येक स्मरणिका अडखळते.

तुमचा देव सासष्टीतून निघाला आणि फोंड्याला पोचला. मधे एक नदी आहे, आणि त्या काळात ती नदी दोन राज्यांची हद्द होती. फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता. पुढे 1675मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, नंतर तो मुलूख सोंद्याच्या राजांकडे गेला, आणि पोर्तुगिजांकडे आला तो 1763मध्ये. म्हणजे देव आल्यापासून दोनशे वर्षं तुमच्या गावाचा पोर्तुगिजांशी कागदोपत्री संबंधच नव्हता! देव निघाल्याचा कागद एका राज्यात, देव पोचल्याचा कागद दुसऱ्या राज्यात. लोक पणजीला जातात, निघाल्याची नोंद मिळते, पोचल्याची मिळत नाही, आणि मग मधली जागा कल्पनेने भरतात: रात्रीची वेळ, होडी, डोक्यावर पेटारा. तसं झालंही असेल. पण ते कुठल्या कागदात आहे, असं विचारलं तर उत्तर नसतं.

पोचल्याचा कागद मोडीत शोधायचा. देव येऊन स्थिर झाला, पूजा सुरू झाली, की कुठे ना कुठे जमीन लावून दिलेली असते, इनाम असतं, नंदादीपाला तेलाची नेमणूक असते. कवळ्याच्या शांतादुर्गेचं उदाहरण घ्या. देवी केळशीहून आली ती सोळाव्या शतकात, पण आजच्या देवळाची कथा शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्याशी, म्हणजे अठराव्या शतकाशी बांधलेली आहे. त्या कथेचे धागे गोव्यात कमी आणि सातारा-पुण्याच्या कागदांत जास्त. तुम्हालाही पुण्याचं पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे पाहावं लागेल. त्याआधी मात्र महाजनांच्या घरातल्या पेट्या बघा. माझ्या अनुभवात सगळ्यांत मोलाचे कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या खाली मिळालेत.

मिळाले तर त्यांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. ज्या क्रमाने बस्त्यात होते त्याच क्रमाने फोटो काढा, पाठीमागची बाजू आणि घड्यांवरचे शेरेसुद्धा. एका कागदाशेजारी कोणता कागद होता हेही कधी कधी साल सांगून जातं.

मोडी वाचणारा माणूस मिळाला तरी गाव तपासा. मी स्वतः इथे चुकलोय. 'मौजे शिरोडें' असा उल्लेख असलेला एक कागद मला मिळाला आणि मी तो फोंड्याच्या शिरोड्याचा धरून त्यावर लेख लिहिला. वेंगुर्ल्याकडे दुसरं शिरोडं आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला जे हवं होतं ते त्या कागदात सापडल्यासारखं वाटलं आणि मी शेजारच्या गावांची नावं ताडून पाहिली नाहीत. ती पाहिली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं की तो वेंगुर्ल्याचा मुलूख आहे. लेख छापून झाल्यावर दोन वर्षांनी लक्षात आलं, दुरुस्ती छापली, तरी अजून त्या लेखातलं वाक्य लोक उतरवून घेताना दिसतात. आपल्याला हवं तेच सांगणारा कागद समोर आला की तो दुप्पट तपासायचा, हे मी तिथे शिकलो.

तारखांकडे येऊ. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळावर शिवाजी महाराजांचा लेख आहे. त्यात शके 1590, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी असा काळ दिलाय. शकात 78 मिळवा, 1668 आलं. पण पौष ते फाल्गुन या महिन्यांतली तिथी असती तर इंग्रजी साल बदललेलं असू शकतं, तेव्हा 79 मिळवावे लागतात. कार्तिकाला 78 बरोबर. आता संवत्सर तपासा. साठ संवत्सरांच्या चक्रात शके 1549 हा प्रभव, पहिला. तिथून 1590पर्यंत एकेचाळीस पावलं, म्हणजे बेचाळिसावं संवत्सर, आणि बेचाळिसावं कीलकच. शक आणि संवत्सर एकमेकांना दुजोरा देतात, म्हणजे आकडा वाचण्यात चूक नाही. मग स्वामीकन्नू पिल्ले यांच्या कोष्टकांसारख्या एखाद्या जंत्रीत तिथी काढायची. ती येते 13 नोव्हेंबर 1668.

आणि इथेच गोव्याच्या अभ्यासकाला एक खड्डा आहे. 13 नोव्हेंबर ही जुन्या, ज्युलियन गणनेची तारीख. इंग्रज 1752पर्यंत तीच गणना वापरत, आणि मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी ती पुष्कळदा तशीच ठेवली. पोर्तुगालने मात्र 1582मध्येच नवी गणना घेतली होती. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. म्हणजे ज्या दिवशी सुरतेच्या वखारीतला इंग्रज आपल्या पत्रावर 13 नोव्हेंबर लिहील, त्याच दिवशी गोव्यातला पोर्तुगीज अधिकारी आपल्या पत्रावर 23 नोव्हेंबर लिहील. तिथी दोघांच्याही डोक्यावर एकच, वद्य पंचमी. हे लक्षात न घेता दोन पत्रं शेजारी ठेवली तर उत्तर प्रश्नाच्या आधी पोचलेलं दिसतं, आणि मग कुणीतरी एक कागद बनावट ठरवून मोकळा होतो.

कुंकळ्ळीच्या उठावाची तारीख अशीच दोन तऱ्हांनी छापलेली आढळते, 15 जुलै 1583 आणि 25 जुलै 1583. वाद काही नाही, दिवस एकच आहे, गणना दोन आहेत. पण कुंकळ्ळीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या लोककथेच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

त्या दिवशी कुंकळ्ळीत पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. त्यांतला रुदोल्फो आक्वाविवा हा अकबराच्या दरबारात राहून आलेला. ही बातमी युरोपात गेली, पत्रं लिहिली गेली, चौकशा झाल्या, आणि 1893मध्ये पोपने त्यांना धन्य घोषित केलं. तीनशे वर्षं त्या मृत्यूंभोवती कागद वाढत राहिला, कारण त्यांना हुतात्मा ठरवण्यासाठी साक्षी लागत होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत गावच्या मुख्यांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं गेलं, आणि कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा या गावांच्या गावकारांचे हक्क गेले. या दुसऱ्या हत्याकांडासाठी कुणी साक्षी गोळा केल्या नाहीत. ते जिथे लिहिलंय तिथे जिंकलेल्यांच्या लिखाणात, ओझरतं. त्या मुख्यांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहिलं ते 2003मध्ये.

फक्त कागद हाच पुरावा धरला तर एक बाजू डोंगराएवढी आणि दुसरी मूठभर दिसते. मग दुसरी बाजू कुठे राहिली? ती छत्र्यांत राहिली. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर. तिला आजही कुंकळ्ळीकरीण म्हणतात. फाल्गुनात देवीची मिरवणूक बारा वांगडांच्या, म्हणजे गावकारांच्या कुळांच्या, बारा छत्र्या घेऊन गुलाल उधळत फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते. त्या वांगडांतली कित्येक घरं आज ख्रिस्ती आहेत आणि तीही आपला मान सांभाळतात. इतक्या पिढ्या एक गाव आपल्या देवीला तिच्या जुन्या जागी घेऊन येतं, आणि कुणाची छत्री कुठे असायची हे चुकत नाही. ही नोंदच आहे. ती शाईने केलेली नाही, पायांनी केलेली आहे.

पण छत्रीलाही तिच्या आवाक्यातलंच विचारा. ती साल सांगणार नाही. किती जण मारले गेले ते सांगणार नाही. देवी कुठून कुठे गेली, तिच्यावर कुणाचा हक्क, कोणती घरं एकत्र होती, हे ती कुठल्याही कागदापेक्षा चांगलं सांगते. म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाल तेव्हा 'देव कधी आला?' असं विचारू नका. उत्तर स्मरणिकेतलंच येईल. विचारा: पालखी कुठल्या घरासमोर थांबते? पहिला नारळ कुणाचा? गाऱ्हाणं घालताना कोणकोणत्या जागेवाल्यांची, म्हणजे त्या त्या जागेच्या राखणदारांची, नावं घेतात, आणि कोणत्या क्रमाने? एखाद्या घराण्याला सासष्टीतल्या कुठल्या गावाचं सुतक लागतं का? या प्रश्नांची उत्तरं कुणी पुस्तकातून पाठ केलेली नसतात. गाऱ्हाण्यात तर अशी ठिकाणं येतात की म्हणणाऱ्यालाही ती कुठे आहेत हे माहीत नसतं, आणि तीच जमिनींच्या यादीत शेतांची नावं म्हणून भेटतात. असं एकदा जुळलं की मग त्या दिवशी जेवणसुद्धा सुचत नाही, खरंच सांगतो.

ही बोलणी रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. कुणी सांगितलं, त्यांचं वय किती, त्यांनी कुणाकडून ऐकलं, एवढं टिपून ठेवा. सासष्टीतल्या मूळ गावीही जा. तिथल्या ख्रिस्ती गावकारांकडे बसा. जे गेले त्यांचा इतिहास तुमच्या देवळात आहे, जे राहिले त्यांचा त्या गावात आहे, आणि दोन्ही मिळून एकाच कुळाची गोष्ट होते. चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि कोमुनिदादची (गावकारीचं पोर्तुगीज नाव) झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, घेणाऱ्यांची यादी यांत तुमच्याच महाजनांच्या वांगडांची नावं दिसली तर चकित होऊ नका. तिथली माणसं तुमच्या देवाला अजूनही ओळखतात, आणि फोंड्याहून कुणी विचारायला आलं याचं त्यांना फार अप्रूप वाटतं.

आणखी एक, थोडं नाजूक. स्मरणिका महाजनांची आहे, म्हणून इतिहासही महाजनांपुरता होऊन जातो. देव आला तेव्हा तुमचं गाव रिकामं नव्हतं. देवाला जागा कुणी दिली? आधीची सांतेरी, म्हणजे गावची मूळ देवी, कुठे आहे, तिची रोयण (वारूळ) कुठे आहे, तिचा मान कुणाकडे? गावडे, कुणबी, देवळाची सेवा करणारी कलावंत घरं, वाजंत्री, देवाच्या शेतांत राबणारी कुळं, यांच्याशिवाय तुमच्या देवळाचा एकही दिवस गेलेला नाही, आणि बहुतेक स्मरणिकांत त्यांना एक ओळही मिळत नाही. दामोदर कोसंबी गोव्याच्याच मातीतले. त्यांनी शिकवलेली मोठी गोष्ट ही की राजांच्या यादीइतकंच गावातलं शेत, वारूळ, चालीरीत हे इतिहासाचं साधन आहे. 1886मध्ये सरकारने देवस्थानांसाठी महाजनकीचे नियम केले. तेव्हापासूनच्या महाजनांच्या याद्या मिळतात आणि त्या जरूर बघा. पण त्या यादीत कोण नाही हेही तितक्याच काळजीने बघा. यादीतून गाळलेला माणूस गावातून गाळलेला नव्हता.

सह्याद्रीखंड आणि परशुरामाची कथा तुमच्या लेखात येणारच. येऊ द्या. पण ती देवळाच्या स्थापनेचं साल म्हणून आणू नका. बाण बाणावलीला पडला ही कथा, ती सांगणाऱ्या लोकांनी आपलं या भूमीशी नातं कसं मांडलं ते दाखवते. तेवढ्यापुरती ती पुरावा आहे, आणि त्या कामात पक्की आहे.

मग लिहायचं कसं? मराठीने आपल्याला यासाठी सुरेख क्रियापदं दिलेली आहेत, ती नीट वापरा. कागद डोळ्यांनी पाहिला असेल तर 'आहे', 'दिलं'. दोन-तीन गोष्टींवरून निघत असेल तर 'दिसतं'. आपला अंदाज असेल तर 'असावं'. गावाची आठवण असेल तर 'सांगतात', आणि कोण सांगतं तेही. स्मरणिकांत सहसा असं वाक्य असतं: 'इ.स. 1560 साली पोर्तुगिजांच्या जुलमाला कंटाळून आमच्या पूर्वजांनी रातोरात देव येथे आणला.' तुम्ही ते असं लिहू शकाल: 'सासष्टीतल्या अमुक गावी आपल्या देवाचं देऊळ होतं, अशी नोंद जमिनींच्या यादीत आहे. सासष्टीतली देवळं 1567मध्ये पाडली गेली. देव त्याच्या आगेमागे इकडे आणला असावा. तो रातोरात होडीतून आणला असं महाजनांच्या घरात सांगतात. इथल्या पूजेची आम्हाला मिळालेली सर्वांत जुनी नोंद अमुक सालच्या मोडी कागदात आहे. मधल्या वर्षांचा कागद अजून मिळालेला नाही.' वाक्यं जास्त झाली, पण रातोरात आलेली होडी कुठेही गेली नाही, तिला फक्त तिची जागा मिळाली. आणि तुमच्या नंतर वीस वर्षांनी कुणी मुलगी हे काम हातात घेईल तेव्हा तिला कुठून पुढे जायचं ते कळेल.

देवस्थानची मंडळी कदाचित नाराज होतील, साल पक्कं का नाही म्हणून. त्यांना ते मोडी कागद आणि जमिनींच्या यादीचं पान छापून दाखवा. माझा अनुभव आहे, आपल्या देवाचं नाव साडेचारशे वर्षांपूर्वीच्या वहीत स्वतः पाहिलेला माणूस 1560साठी भांडत बसत नाही.

आता प्रभावळ. पुढच्या वेळी चांदी उजळण्याआधी तिथे जा. चिंच आणि राख लावून दरवर्षी घासल्याने अक्षरं झिजतात, तेव्हा या वर्षीची अक्षरं पुढच्या वर्षीपेक्षा ठळक असतील. खडू, हळद, कुंकू काही भरू नका. पुजाऱ्यांना प्रभावळ जराशी पुढे घ्यायला सांगा, गाभाऱ्यातले दिवे मंद करा आणि टॉर्च अगदी बाजूने, चांदीला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात खोदकामाची सावली पडते आणि जे सरळ बघताना दिसत नाही ते वाचता येतं. प्रत्येक अक्षराचे दोन-तीन फोटो, उजेडाची दिशा बदलून.

शके 1655 म्हणजे 1733-34. शेजारी संवत्सर कोरलेलं असेल तर ते प्रमादी असायला हवं, कारण शके 1609 प्रभव आणि तिथून 1655 सत्तेचाळिसावं. प्रमादी निघालं तर प्रभावळ त्या काळची, आणि ती कुणी वाहिली हे नाव बहुधा त्याच ओळीत पुढे असेल; ते नाव घेऊन मोडी कागदांकडे वळा. दुसरंच संवत्सर निघालं तर पुजाऱ्यांनी सांगितलेल्या आकड्यातला एखादा अंक चुकीचा वाचलेला आहे, बहुतेक पाच किंवा सहा, आणि संवत्सराच्या नावावरून खरा शक काढता येईल. जे निघेल ते फोटोंसह पाठवा, आपण मिळून वाचू.